इंजिन बदलल्यावर गाडी मिसिंग मारतेय? तपासणी कुठून सुरू करायची

इंजिन बदलून गाडी घरी येते. सिग्नलला उभी केली की थरथरते, रेस दिली की अडखळते आणि एसी लावला की बंद पडायला येते. गॅरेजमध्ये फोन केला तर उत्तर ठरलेलं असतं: "थोडी चालवा, सेट होईल." हे उत्तर ऐकून गप्प बसू नका. निरोगी इंजिन नीट बसवलं असेल तर पहिल्या सेल्फपासून एकसारखं चालतं. बॅटरी काढल्यामुळे ईसीएमला (इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाला) आयडल (रेस न देतानाची चाल) पुन्हा शिकावं लागतं आणि त्यासाठी थोडं चालवणं लागतं, हे खरं आहे. पण चांगले पन्नास-साठ किलोमीटर झाले आणि गाडी तशीच आहे, तर ती आपोआप सेट होणार नाही.

हा लेख पेट्रोल आणि पेट्रोल-सीएनजी गाड्यांसाठी आहे. इंजिन कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून आणलेलं जुनं असो, कोल्हापूरच्या उद्यमनगरात बोअर करून बांधलेलं असो किंवा कंपनीचं नवं असो, तपासणीचा क्रम तोच. डिझेलचं गणित वेगळं असल्यामुळे ते इथे घेतलेलं नाही.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करा. इंजिन बदलताना निदान वीस-तीस कपलर (वायरींचे जोड), डझनभर पाइप, अर्थच्या पट्ट्या, फाउंडेशन (इंजिन ज्यावर बसतं ते रबरी आधार), सायलेन्सर आणि क्लच एवढं सगळं खोलून परत जोडलेलं असतं. दोष असण्याची सर्वांत जास्त शक्यता या हात लागलेल्या जागांमध्येच असते. म्हणून नवे सुटे भाग विकत घेण्याआधी जोडणी तपासा, आणि जोडणीनंतर मोजमाप घ्या. माझ्या पाहण्यात लोकांचे सर्वांत जास्त पैसे वाया जातात ते अंदाजाने कॉइल, प्लग आणि सेन्सर बदलण्यात.

## हाताशी काय हवं

हत्यारं:

- ओबीडी स्कॅनर (ईसीएममधले दोषाचे कोड वाचणारं यंत्र). मोबाईलला ब्लूटूथने जोडणारा साधा ईएलएम ३२७ प्रकारचाही चालतो. एप्रिल २०१३ नंतर बनलेल्या बीएस-४ पेट्रोल गाड्यांत ओबीडी-२ असतंच.
- मल्टिमीटर
- प्लग पाना (गाडीनुसार १४, १६ किंवा २१ चा), १०-१२-१४ चे पाने, फिलर गेज (बारीक फट मोजायच्या पट्ट्या)
- कॉम्प्रेशन गेज. विकत घ्यायची गरज नाही, ओळखीच्या गॅरेजमधून तासाभरासाठी मिळतो.
- साबणपाण्याची स्प्रे बाटली, टॉर्च, मास्किंग टेप, मार्कर

कागद:

- आलेल्या इंजिनाचा नंबर लिहिलेलं पक्कं बिल
- वॉरंटी किती दिवसांची आणि कशाकशाची, हे लेखी
- आरसी आणि गाडीचं मॅन्युअल
- ज्या गाडीतून इंजिन काढलं तिचं मॉडेल, वर्ष आणि शक्य असेल तर तिच्या कागदांची प्रत

शेवटचा मुद्दा किरकोळ वाटेल, पण नवव्या पायरीवर सगळं त्यावरच येऊन थांबतं.

सुरक्षेचं थोडक्यात. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. इंजिन चालू असताना बेल्ट आणि पंख्याजवळ सैल बाही किंवा ओढणी नको. चालू गाडीत कॉइल उपसू नका, तिथे हजारो व्होल्ट असतात. सीएनजीच्या नळीला आणि रिड्युसरला (गॅसचा दाब कमी करणाऱ्या भागाला) स्वतः पाना लावू नका, ते काम अधिकृत फिटरचं. आणि चेक लाइट लुकलुकत असेल तर गाडी ताबडतोब बाजूला घ्या. त्याचा अर्थ न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेवर धूर स्वच्छ करणाऱ्या भागात) जाऊन तिथे जळतंय, आणि कन्व्हर्टर गेला तर नवा खर्च उभा राहतो.

## १. थरथर आहे की मिसिंग, हे आधी ठरवा

लोक दोन्हीला एकच म्हणतात, पण आजार वेगळे आहेत. मिसिंगमध्ये एखाद्या सिलिंडरमधलं मिश्रण नीट जळत नाही. थरथरीत सगळे सिलिंडर व्यवस्थित जळत असतात, फक्त इंजिनाचा हादरा बॉडीपर्यंत पोचतो.

गाडी गरम करा, एसी बंद ठेवा आणि आरपीएमचा काटा पाहा. काटा स्थिर आहे पण स्टिअरिंग आणि सीट थरथरते, तर बहुधा फाउंडेशनचा दोष. काटा वरखाली होतो आणि सायलेन्सरचा आवाज मधेच तुटतो, तर मिसिंग. सायलेन्सरच्या तोंडापासून वीतभर अंतरावर हात धरला की हवेचे ठोके लागतात. ठरावीक अंतराने एक ठोका गळत असेल तर एकच सिलिंडर कमी पडतोय. ठोके कसेही गळत असतील तर दोष सगळ्या सिलिंडरना सामायिक असलेल्या गोष्टीत आहे: हवा, इंधन, अर्थ किंवा टायमिंग (व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ).

फाउंडेशनचा दोष निघाला तर नवं फाउंडेशन आणण्याआधी एक साधा उपाय करून पाहा. इंजिन बसवताना घाई झाली तर एक फाउंडेशन आधी घट्ट होतं आणि बाकीची ओढून-ताणून बसवली जातात. मग रबर कायम पिळलेलं राहतं. गॅरेजमध्ये इंजिनाला खालून जॅकचा आधार देऊन सगळे बोल्ट सैल करा, इंजिन हलवून त्याला त्याच्या जागी बसू द्या आणि मग बोल्ट कसा. सायलेन्सरचा पाइप क्रॉस मेंबरला किंवा हीट शील्डला टेकतोय का, तेही याच वेळी पाहा. तीन सिलिंडरच्या गाडीत थोडी थरथर जात्याच असते आणि नव्या फाउंडेशनचं कडक रबर सुरुवातीला ती जास्त जाणवून देतं, एवढं लक्षात असू द्या.

क्लच दाबल्यावर थरथर बदलत असेल, किंवा आयडलला ठीक आणि रेस वाढवताच वाढत असेल, तर फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेटकडे संशय न्या. दोन गाड्यांचे भाग एकत्र झाले की तोल बिघडू शकतो.

## २. जे जे खोललं होतं ते डोळ्यांनी पाहा

या पायरीला एक रुपयाही लागत नाही आणि निम्मी प्रकरणं इथेच मिटतात असं मला वाटतं. म्हणून इथे घाई नको. सकाळच्या उजेडात, इंजिन थंड असताना, बॉनेटच्या डाव्या कोपऱ्यातून सुरुवात करून उजवीकडे जा. तपासलेल्या प्रत्येक कपलरवर मार्करची खूण करा.

कपलर नुसता बसलेला दिसून चालत नाही, लॉकचा टक् आवाज यायला हवा. हाताने हलकेच मागे ओढून पाहा. आत हिरवट गंज, वाकलेली पिन किंवा पाणी आहे का ते बघा. जुन्या बाजारातलं इंजिन पावसाळ्यात उघड्यावर पडलेलं असेल तर सेन्सरच्या पिना हमखास खराब असतात.

कपलर चुकीच्या जागी लागण्याचे प्रकारही होतात. शेजारशेजारच्या दोन कॉइलचे किंवा इंजेक्टरचे कपलर एकसारखे असतात आणि वायर थोडी लांब असली की अदलाबदल होऊन जाते. चार सिलिंडरच्या बहुतेक इंजिनांत फायरिंग ऑर्डर १-३-४-२ असतो आणि एक नंबरचा सिलिंडर बेल्टच्या पुलीकडचा. प्रत्येक वायर कुठल्या सिलिंडरला जाते ते तिच्या रंगावरून, वायरिंगच्या नकाशाशी ताडून पाहा.

आता अर्थ. बॅटरीच्या निगेटिव्हपासून बॉडीला एक आणि इंजिन किंवा गिअरबॉक्सला एक, अशा जाड पट्ट्या असतात. शिवाय ईसीएमचे बारीक अर्थ इंटेक मॅनिफोल्डवर (इंजिनात हवा नेणाऱ्या भागावर) किंवा हेडवर बोल्टने लागतात. हे बोल्ट विसरले जातात, किंवा ताज्या रंगावर कसले जातात. माझ्या गाडीत नेमकं हेच होतं. गिअरबॉक्सची पट्टी जागेवर होती, बोल्ट घट्ट होता, वरून पाहून कोणीही "ठीक आहे" म्हटलं असतं. पण रीबिल्ड केलेल्या इंजिनाला चंदेरी स्प्रे मारला होता आणि पट्टीचं टर्मिनल त्या रंगाच्या थरावर बसलं होतं. दिवसा गाडी बरी चालायची. रात्री हेडलाइट, एसी आणि मागच्या काचेचा हीटर एकदम लावले की झटके सुरू व्हायचे.

हे मल्टिमीटरने पकडता येतं. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा, काळी टोकदार वायर बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर आणि लाल वायर इंजिनाच्या उघड्या धातूवर धरा. दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. आकडा ०.२ व्होल्टच्या आत राहायला हवा. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला तर अर्थ कमजोर आहे. मग टर्मिनल काढा, त्याखालचा रंग पॉलिश पेपरने धातू चमकेपर्यंत घासा आणि परत कसा. त्याच बैठकीत गाडी चालू ठेवून बॅटरीवर व्होल्टेज पाहा. सर्वसाधारण गाडीत ते १३.८ ते १४.५ च्या दरम्यान असतं.

मग हवेचे पाइप. ब्रेक बूस्टरचा जाड पाइप, पीसीव्हीचा (इंजिनातली वाफ इंटेकमध्ये नेणारा), कॅनिस्टर पर्जचा (टाकीतली पेट्रोलची वाफ इंटेकमध्ये नेणारा), मॅप सेन्सरचा बारीक पाइप (हा सेन्सर इंटेकमधला हवेचा दाब मोजतो), एअर फिल्टरपासून थ्रॉटलपर्यंतची नळी आणि तिचे क्लॅम्प. जुने पाइप काढताना चिरतात, आणि चीर खालच्या बाजूला असेल तर वरून दिसत नाही. बोट फिरवून पाहा.

शेवटी, बसवण्याच्या वेळी इंटेकच्या तोंडात कोंबलेलं फडकं. ऐकायला विचित्र वाटेल, पण नट-बोल्ट आत पडू नये म्हणून फडकी कोंबतातच, आणि एखादं राहून जातं. थ्रॉटल उघडून टॉर्चने आत बघा.

## ३. स्कॅनर लावा, पण कोड पुसू नका

चेक लाइट लागलेला नसला तरी स्कॅनर लावा. साठवलेले आणि प्रलंबित, दोन्ही कोड वाचा आणि मोबाईलवर फोटो काढून ठेवा. गॅरेजमध्ये बऱ्याचदा आधी कोड पुसतात आणि मग विचारतात काय झालं. तुम्ही तसं करू देऊ नका.

नेहमी भेटणारे कोड असे:

- पी०३०० : मिसफायर, सिलिंडर ठरलेला नाही
- पी०३०१ ते पी०३०४ : शेवटचा आकडा म्हणजे सिलिंडर नंबर
- पी०१७१ / पी०१७२ : मिश्रण पातळ / मिश्रण घट्ट
- पी०३३५ / पी०३४० : क्रँक सेन्सर / कॅम सेन्सर
- पी००१६ : क्रँक आणि कॅमचा मेळ नाही. हा दिसला तर थेट नवव्या पायरीवर जा.
- पी०२०१-०४, पी०३५१-५४ : इंजेक्टरचं आणि कॉइलचं सर्किट, म्हणजे बहुधा वायर किंवा कपलर

कोड हा पत्ता आहे, निकाल नाही. पी०३०२ म्हणजे "दोन नंबरची कॉइल खराब" असं नव्हे. तिथे प्लग, इंजेक्टर, व्हॉल्व्ह यातलं काहीही असू शकतं.

कोडपेक्षा जास्त माहिती लाइव्ह डेटात असते. चार आकडे पाहा.

कूलंटचं तापमान. रात्रभर उभ्या गाडीत इग्निशन ऑन केल्यावर हे बाहेरच्या हवेइतकं दिसलं पाहिजे. पुण्यात मे महिन्यात उणे ४० अंश दिसत असेल तर सेन्सरचा कपलर निघालेला आहे किंवा वायर तुटली आहे. ईसीएमला वाटतं कडाक्याची थंडी आहे, म्हणून ते पेट्रोल ओतत राहतं किंवा ठरलेल्या पर्यायी आकड्यावर गाडी चालवतं. रेडिएटरचा पंखा सारखा फिरत राहणं हीसुद्धा या दोषाची एक खूण आहे.

मॅप सेन्सर. इग्निशन ऑन, इंजिन बंद असताना हा आकडा म्हणजे तुमच्या गावचा हवेचा दाब. मुंबईत तो साधारण १०१ केपीए, पुण्यात ९५ च्या जवळ, महाबळेश्वरला ८६ च्या आसपास. इथेच मोठा फरक असेल तर सेन्सर चुकीचा आहे. इंजिन गरम, आयडलला, एसी बंद असताना निरोगी गाडीत तो ३० ते ४० च्या दरम्यान येतो. ५० च्या पुढे राहत असेल तर इंजिनाची हवा ओढण्याची ताकद (व्हॅक्यूम) कमी आहे. इंजिन हवा घेतेय (बाहेरची हवा कुठूनतरी आत शिरतेय), टायमिंग चुकलंय किंवा कॉम्प्रेशन नाही.

फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीएम ठरल्यापेक्षा पेट्रोल किती टक्के वाढवतंय किंवा घटवतंय. शॉर्ट आणि लाँग टर्म यांची बेरीज करा. उणे १० ते अधिक १० टक्क्यांच्या आत ठीक. अधिक २० म्हणजे ईसीएम पेट्रोल वाढवून-वाढवून थकलंय. आता रेस २५०० वर धरा. बेरीज खाली आली तर कुठूनतरी हवा शिरतेय. रेसबरोबर वाढत गेली तर पेट्रोलचा दाब कमी पडतोय, म्हणजे पंप, फिल्टर किंवा वाकलेली नळी. ई-२० पेट्रोलला जळायला हवेच्या मानाने इंधन जास्त लागतं, त्यामुळे जुन्या गाडीत ट्रिम काही टक्के अधिक दिसणं स्वाभाविक आहे. तेवढ्यावरून घाबरू नका.

ऑक्सिजन सेन्सर. पुढचा साधा सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सतत झुलत राहायला हवा. एका जागी अडकला असेल तर कपलर तपासा. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं जुनं गॅस्केट पुन्हा वापरलं असेल तर तिथून हवा आत ओढली जाते. सेन्सर ती हवा पाहून मिश्रण पातळ आहे असं सांगतो आणि ईसीएम उगाच पेट्रोल वाढवतं. थंड इंजिन चालू केल्यावर मॅनिफोल्डजवळ टिक-टिक ऐकू येते का, लक्ष द्या.

## ४. कोणता सिलिंडर, आणि त्यात काय

कोड एकाच सिलिंडरचा असेल तर हा भाग सोपा आहे. नसेल तर इंजिन आयडलला ठेवून एकेका इंजेक्टरचा कपलर क्षणभर काढा. कॉइलऐवजी इंजेक्टर काढायचा, कारण त्याने पेट्रोलच बंद होतं आणि कन्व्हर्टर वाचतो. ज्याचा कपलर काढल्यावर इंजिनाच्या चालीत काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीपासून काम करत नव्हता. ईसीएम लगेच आयडल सावरून घेतं, म्हणून काढला त्या क्षणाकडे लक्ष ठेवा. यामुळे नवे कोड येतील. ते तुमच्यामुळे आलेत हे लिहून ठेवा.

आता अदलाबदल. समजा दोन नंबर मेला आहे. त्याची कॉइल तीन नंबरला लावा, गाडी चालवा. कोड पी०३०३ झाला तर कॉइल दोषी. नाही झाला तर कॉइल तिथेच राहू द्या आणि प्लगची तशीच अदलाबदल करून पाहा. तरी नाही तर इंजेक्टर. एका वेळी एकच गोष्ट हलवा. दोन एकदम हलवल्या तर उत्तर कळणार नाही.

प्लग बाहेर आला की नीट निरखा. पांढरा चिनी मातीचा भाग फिकट तपकिरी असेल तर उत्तम. काळी कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. ऑइलने ओला म्हणजे पिस्टनची रिंग किंवा व्हॉल्व्ह सील. बारीक केसासारखी काळी रेष उभी दिसली तर मातीला तडा आहे, आणि इंजिन बसवताना पाना निसटला की असा तडा जातो. गॅप मॅन्युअलमध्ये दिलेला ठेवा. सीएनजी गाडीला तो बहुधा कमी सांगितलेला असतो.

इंजेक्टरचा रोध बहुतेक गाड्यांत १२ ते १६ ओहमच्या दरम्यान येतो. चारही सारखे असणं जास्त महत्त्वाचं. लांब स्क्रूड्रायव्हर इंजेक्टरवर टेकवून मूठ कानाला लावा, चारही ठिकाणी एकसारखी टकटक ऐकू यायला हवी. इंजेक्टर हलवलेत तर ओ-रिंग नव्या घाला आणि त्याआधी पेट्रोलचा दाब काढा: पंपाचा फ्यूज काढून गाडी बंद पडेपर्यंत चालवा.

## ५. हवा घेतेय का

गरम इंजिन आयडलला ठेवा आणि इंटेक मॅनिफोल्डच्या जोडावर, इंजेक्टरच्या बुडाशी, पाइपांवर साबणपाणी थोडं-थोडं मारा. आवाज क्षणभर बदलला की जागा सापडली. कार्ब क्लीनरने हे जास्त पटकन कळतं, पण तो पेटतो. गरम एक्झॉस्टशेजारी तो मारू नका, असं मी आग्रहाने सांगेन. कॉइलवर पाणीही नको.

इथे एक खाच आहे. मॅप सेन्सरच्या गाडीत ईसीएम बाहेरून शिरलेली हवासुद्धा बऱ्यापैकी मोजतं, त्यामुळे ट्रिम फारसं न वाढता आयडलच १२००-१३०० वर अडकून राहतं. ट्रिम ठीक दिसलं म्हणून हवा घेत नाही असं समजू नका.

पर्जचा पाइप चिमट्याने दाबून पाहा, फरक पडला तर पर्ज व्हॉल्व्ह उघडा अडकलाय. ब्रेक दाबल्यावर आयडल बदलत असेल तर बूस्टर किंवा त्याचा पाइप.

## ६. पेट्रोलवर आणि सीएनजीवर वेगवेगळी चालवा

महाराष्ट्रात सीएनजी गाड्या भरपूर आहेत आणि ही तपासणी फुकटात होते, तरी फार थोडे लोक करतात. दोन्ही इंधनांवर सारखीच मिसिंग असेल तर इंधन निर्दोष. स्पार्क, हवा, कॉम्प्रेशन, अर्थ बघा. फक्त पेट्रोलवर असेल तर पेट्रोल इंजेक्टर, पंप, टाकीत पडून जुनं झालेलं किंवा पाणी शिरलेलं पेट्रोल. फक्त सीएनजीवर असेल तर आधी प्लग आणि कॉइल तपासा, कारण सीएनजीला जास्त ताकदीचा स्पार्क लागतो आणि कमजोर कॉइल तिथे आधी उघडी पडते. त्यानंतर गॅस इंजेक्टर आणि लो प्रेशर फिल्टर.

## ७. पीयूसी केंद्राचा उपयोग करून घ्या

आयडलचा पीयूसी म्हणजे स्वस्तातला गॅस ॲनालायझर. बीएस-४ पेट्रोल गाडीला मर्यादा आहे सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ०.३ टक्के आणि एचसी (न जळलेलं इंधन) २०० पीपीएम. पास-नापास सोडा, आकडे वाचा. एचसी खूप जास्त पण सीओ कमी, तर पेट्रोल न जळता बाहेर पडतंय: मिसफायर. दोन्ही जास्त, तर मिश्रण घट्ट. दुरुस्तीआधीचा आणि नंतरचा कागद शेजारी ठेवला की गॅरेजवाल्याशी वाद घालायची गरज उरत नाही.

## ८. कॉम्प्रेशन

इथपर्यंत सगळं ठीक निघालं तर इंजिनच तपासायचं. इंजिन कोमट, सगळे प्लग बाहेर, पेट्रोल पंप आणि कॉइलचे फ्यूज काढलेले, ॲक्सिलेटर पूर्ण दाबलेला. प्रत्येक सिलिंडरला गेज लावून सारखाच सेल्फ मारा. चांगल्या पेट्रोल इंजिनात आकडा साधारण १५० ते २०० पीएसआयमध्ये येतो, पण खरी परीक्षा आपसातल्या फरकाची. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी यात दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त अंतर नको.

एक सिलिंडर कमी आला तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंग, नाही वाढला तर व्हॉल्व्ह. शेजारचे दोन कमी आले तर हेड गॅस्केट. सगळेच सारखे कमी आले तर टायमिंगकडे वळा.

सीएनजीवर बरीच वर्षं चाललेल्या इंजिनात व्हॉल्व्ह सीट खाली बसते आणि टॅपेटचा गॅप (व्हॉल्व्ह आणि त्याला उघडणाऱ्या भागातली फट) संपतो. अशी गाडी सकाळी थंड असताना चांगलीच मिसिंग मारते आणि गरम झाल्यावर सुधारल्यासारखी वाटते. ज्या इंजिनात हायड्रॉलिक टॅपेट नाहीत, तिथे फिलर गेजने गॅप मोजून घ्या.

## ९. टायमिंग, आणि "सेम टू सेम" इंजिन

टायमिंग चेन एक दात चुकली तरी गाडी चालते, फक्त ओढ नसते, मॅपचा आकडा चढलेला राहतो आणि पी००१६ येऊ शकतो. खुणा जुळवून झाल्यावर क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून स्प्रॉकेटच्या (चेनच्या दातेरी चाकांच्या) खुणा पुन्हा पाहायला सांगा. चेनच्या रंगीत कड्या या दोन फेऱ्यांनंतर पुन्हा खुणेवर येत नाहीत. त्यावरून गोंधळ नको, स्प्रॉकेटच्या खुणा पुरेशा आहेत.

आणि आता ज्या गाडीतून इंजिन काढलं तिचा तो कागद. बाजारात एकाच नावाचं इंजिन व्हीव्हीटी (चालताना व्हॉल्व्हचं टायमिंग बदलणारी यंत्रणा) असलेलं आणि नसलेलं, वेगवेगळ्या इंजेक्टरचं, सेन्सरच्या वेगळ्या रिंगचं मिळतं. ब्लॉक सारखा दिसतो, फाउंडेशनला बसतो, पण तुमच्या ईसीएमला क्रँकच्या रिंगवर जेवढे दात अपेक्षित आहेत तेवढे मिळत नाहीत. यावर उपाय म्हणजे जुन्या इंजिनावरचे तुमचेच सेन्सर, इंजेक्टर, थ्रॉटल बॉडी आणि जमत असेल तिथे मॅनिफोल्ड नव्यावर चढवणं. रिंग फ्लायव्हीलवर असेल तर फ्लायव्हीलसुद्धा तुमचंच. दुसऱ्या गाडीचा ईसीएम मात्र बसवू देऊ नका. इमोबिलायझर (चोरी रोखणारं इलेक्ट्रॉनिक लॉक) जुळला नाही की गाडी चालू होऊन दोन सेकंदांत बंद पडते आणि दोषाचा शोध भलतीकडेच जातो.

जुनं इंजिन अजून भंगारात गेलं नसेल तर हा सगळा शोध संपेपर्यंत ते जाऊ देऊ नका. गॅरेजवाल्याला तसं आधीच सांगून ठेवा.

## १०. गॅरेजशी बोलणं आणि आरटीओ

"गाडी नीट चालत नाही" असं सांगितलं की पुन्हा कॉइलपासून सुरुवात होते. त्याऐवजी असं सांगा: "दोन नंबर मिसफायर आहे, कॉइल आणि प्लग तीन नंबरला नेऊन पाहिले, कोड हलला नाही, कॉम्प्रेशन बाकीचे १७५ आणि दोन नंबर ११० आहे." सोबत फोटो दाखवा. हे ऐकल्यावर चांगला मेकॅनिक खूश होतो, कारण त्याचा अर्धा दिवस वाचतो. वॉरंटीची मुदत चालू असेल तर तक्रार व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा. तारीख आपोआप राहते.

गाडी सुरळीत झाली की इंजिन नंबरचं काम लांबवू नका. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदलल्याची माहिती चौदा दिवसांत आरटीओला द्यायची असते. आरसी, इंजिनाचं बिल, विमा, पीयूसी आणि इंजिन नंबरचा पेन्सिल प्रिंट बरोबर न्या. प्रिंट गॅरेजमध्ये असतानाच काढून घ्या, गाडी जुळल्यावर काही मॉडेलमध्ये तिथे हात पोचत नाही. नोंद झाली की विमा कंपनीलाही नवा नंबर कळवा. आरसीवर एक नंबर आणि ब्लॉकवर दुसरा असेल तर उद्या क्लेमच्या वेळी, किंवा गाडी विकताना, हाच प्रश्न समोर येतो.

नव्या बांधलेल्या इंजिनाचं पहिलं ऑइल आणि फिल्टर बांधणाऱ्याने सांगितलेल्या किलोमीटरवरच बदला, आणि त्या वेळी कोड व ट्रिमचे आकडे एकदा परत पाहून घ्या.